ओला अंधार

लेक परदेशी निघाली आहे. तिला सोबत द्यायला मी आमच्या चौकाची रात्र तैलरंगांत रंगवतो आहे. अंधार छान जमला. पण त्यावर दिव्याचा पिवळा ठिपका ठेवला की खालचा ओला निळा त्यात मिसळतो आणि दिवा शेवाळासारखा हिरवट होतो. कितीदा खरवडलं!

"बाबा, चौकातली वीज गेलीय का?" लेक डोकावून हसली. मी चिडून ब्रश आपटला.

"अहो बाबा, आधी निळा वाळू द्या की! एवढी घाई कसली?"

तिचं खरंच होतं. तिन्हीसांजेला लावलेले दिवेही फिकटच दिसतात; अंधार मुरल्यावर तेच झळाळतात. पण हा रंगातला अंधार मुरायला दिवस लागतात. मी तिच्या भरत आलेल्या बॅगेकडे पाहिलं, आणि ओल्या निळ्यावर पुन्हा पिवळा ठेवला.