सोनाट्याच्या मधल्या टाळ्या

फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत पियानो मावणं शक्य नव्हतं, आणि मावला असता तरी त्या अरुंद जिन्यावरून वर चढला नसता. आई परळच्या एका मिशनरी शाळेत मराठी शिकवायची. तिथल्या पियानोवर मी रोज सराव करायचे. शाळेतल्या गोव्याच्या टीचरनी मला लहानपणापासून शिकवलं होतं. वाडीत सगळे विचारायचे, पेटी का नाही शिकत? उत्तर देऊन देऊन माझं तोंड दुखायचं.

माझा पहिला स्वतंत्र कार्यक्रम फोर्टातल्या एका हॉलमध्ये ठरला आणि नेमका त्याच दिवशी हरताळ पडला. पुढची तारीख मिळाली, तर गिरगावात कर्फ्यू. संयुक्त महाराष्ट्र मलाही हवा होता, पण तो दर वेळी माझ्याच कार्यक्रमाच्या मुहूर्तावर का मागायचा? वडिलांना, म्हणजे अण्णांना, मी तसं बोलूनही दाखवलं. ते सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. वाजवणं काय, पुढच्या महिन्यातही होईल, एवढंच म्हणाले. तयार झालेला हात महिनाभर तसाच टिकवणं म्हणजे काय, हे त्यांना कोण सांगणार?

तिसऱ्या खेपेला कार्यक्रम झाला. हॉलमध्ये बहुतेक पारशी मंडळी, आणि त्यांच्यात धोतर-कोटातले अण्णा. दमट हवेने पियानोची एक पट्टी अडकत होती. तिला सांभाळत मी सोनाट्याचा, म्हणजे तीन भागांच्या एका सलग रचनेचा, पहिला भाग संपवला आणि हात मांडीवर ठेवले. सोनाटा पूर्ण होईपर्यंत टाळ्या वाजवायच्या नसतात. सगळा हॉल गप्प होता, आणि अण्णा एकटेच सभेतल्यासारख्या जोरजोरात टाळ्या पिटत होते. पुढच्या रांगेतल्या बाई वळून बघायला लागल्या. दुसऱ्या भागानंतरही तेच. माझे कान तापले. शेवटचा भाग मी रागाच्या भरात असा वाजवला की टीचर नंतर म्हणाल्या, इतका चांगला तो कधीच जमला नव्हता.

बाहेर आल्यावर मी चिडलेच. "अण्णा, मध्येच कोणी टाळ्या वाजवतं का?"

"तू थांबलीस," ते म्हणाले. "मला वाटलं, पुढचं विसरलीस. कोणीच काही करेना. म्हटलं, पोरीला जरा धीर द्यावा."

 मी ट्रामच्या थांब्याकडे चालू लागले.

त्यानंतर मला बोलावणी येऊ लागली, दिल्ली-कलकत्त्याहूनही. मुंबईतल्या प्रत्येक कार्यक्रमाआधी मी अण्णांना कुठे गप्प बसायचं ते समजावून सांगायचे. ते मान डोलवायचे आणि हॉलमध्ये जाऊन मध्येच टाळ्या वाजवायचे. शेवटी मी सांगणंच सोडून दिलं.