कोरडा दोर

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी, राजूरजवळच्या एका वाडीत, जिचं पाणी कुणीच पीत नव्हतं त्या विहिरीचं पाणी मी तपासलं आणि वाडीचं पाणी निर्धोक असल्याचं लिहून दिलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही — घरीही नाही.

आरोग्य केंद्रामुळे साथीचा धोका किती कमी झाला, याचं मूल्यमापन माझ्याकडे होतं. केंद्राचा आरोग्यसेवक त्या विहिरीत रोज ब्लीचिंग पावडर टाकायचा. टाकायचा — हे खरं आहे. त्याने बादली सोडली तेव्हा रहाट किंचाळला. दोर कोरडा होता, हाताला धूळ लागली. रहाटापासून कठड्यापर्यंत कोळिष्टक ताणलेलं होतं; बादलीनं ते तुटलं. विहिरीवर एकही बाई नव्हती. खालच्या ओहोळातून मात्र हंड्यांचे आवाज येत होते, मधूनच हसणं. माणूस दिसत नव्हतं.

मला तेव्हाच कळायला नको होतं का? कळलं होतं.

नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन असलं की पाणी पिवळं होतं. झालं.

शेजारच्या ओट्यावर हौसाबाई बसली होती, वाडीतली म्हातारी.

"पिवळं झालं व्हय? व्हनारच. दवाखान्याचा वास मारतंय. गुरं बी तोंड लावत न्हाईत."

"मावशी, तुमच्यासाठीच टाकतो ना रोज?" आरोग्यसेवक म्हणाला.

"मग तूच पी की रं!" मग ती माझ्याकडे वळली. "आमी खाली झऱ्याचं पितो, बाई. त्ये बी बघा की. पोरांची पोटं सारखी बिघडत्यात."

मी म्हटलं, "बघते."

पायवाट समोर होती. उजेड होता. नळ्या शिल्लक होत्या. मग का गेले नाही? खालचं पाणी पिवळं होणार नाही, हे मला ठाऊक होतं — आणि केंद्राचं काम उत्तम असल्याचा अहवाल मी आधीच लिहून आणला होता. मी जीपमध्ये बसले. हौसाबाई तिथूनच बघत राहिली.

पावसाळ्यात वाडीत जुलाब-उलट्यांची साथ आली. हौसाबाईला झोळीतून रस्त्यापर्यंत आणलं. दवाखान्यात पोचण्याआधी ती गेली.

तपासणीला पुन्हा मलाच पाठवलं. ओटा रिकामा होता. या वेळी आधी झऱ्यावर उतरले. पाण्याचा रंग बदलला नाही. मग विहिरीवर आले. रहाटावर नवं कोळिष्टक होतं. बादली सोडली, नळी भरली, थेंब टाकले.

पाणी पिवळं झालं.