गुळगुळीत कागदाचं इंग्रजी

गल्लीच्या तोंडाशी रद्दीचं दुकान होतं आणि दुकानदाराला सगळे पासंगकाका म्हणत. तराजूच्या पारड्याखाली चोरून चिकटवलेलं वजन म्हणजे पासंग. काका तो आधी तराजूत शोधत, मग गिऱ्हाइकाच्या बोलण्यात, शेवटी घरच्यांच्याही. बायको होती तोवर म्हणायची, देव जरी दारात आला तरी हे त्याला उलटा करून बघतील.

सध्या संशय होता मुलावर. मुलगा परदेशात. दर रविवारी सकाळी फोनवर एकमेकांचे चेहरे दिसत. सात वर्षांची नात इंग्रजीत लांबलचक काहीतरी बोले, काकांकडे बोट दाखवे आणि मुलगा दोन शब्दांत उरकून टाकी, कसे आहात म्हणून विचारतेय. एवढ्या मोठ्या बोलण्याचं एवढंसं कसं होईल? सून तर नेमकी तेव्हाच दुसरीकडे बघायची. एकुलती एक नात, आणि तिचं बोलणं मधल्या मध्ये कुणीतरी खातंय! काकांना घास गोड लागेना.

म्हणून साठी उलटल्यावर ते इंग्रजी शिकायला बसले. शाळेतली अक्षरओळख होती, आणि दुकानात कागदाला काय तोटा! आता रद्दीत वर्तमानपत्राला भाव चढा, गुळगुळीत मासिकाला कुत्रं विचारत नाही. चढ्या भावाचा माल तोच चांगला माल, हे शेंबडं पोरही सांगेल. काकांनी वर्तमानपत्र उघडलं.

समोरच्या निवृत्त शिक्षिकाबाई शब्दकोड्यासाठी रोज जुने पेपर न्यायला येत. त्या म्हणाल्या, पेपर घाईत लिहिलेला असतो. काल काय घडलं ते सांगून मोकळा होतो, मथळ्यात तर अर्धे शब्द गाळतो. मासिक निवांत असतं, समोर बसवून गप्पा मारतं. नातीशी बोलायचंय ना, मग मुलांचं मासिक वाचा. काका तोंडावर हसले. मनात म्हणाले, वा बाई! पेपर तुम्हाला हवेत म्हणून मला मासिकांकडे पिटाळताय होय! त्याच दिवशी त्यांनी पेपरचे गठ्ठे आतल्या खोलीत हलवले.

तीन महिन्यांत काकांना इंग्रजीत पूल पाडता येऊ लागला, दरोडेखोर पकडता येऊ लागले, मंत्र्याचा राजीनामासुद्धा घेता येऊ लागला. रविवारी नात बोलली तेव्हा ते कान टवकारून बसले. पूल आला नाही, मंत्रीही आला नाही. एक शब्द हाती लागला नाही. मुलगा म्हणाला, तब्येत सांभाळा म्हणतेय.

मग झक मारत काकांनी मासिकांचा ढीग उपसला. मुलांच्या एका मासिकात वाचकांच्या पत्रांचं पान होतं. कुणाचा दात पडलेला, कुणाला अंधाराची भीती, कुणाची आजी सारखी रागावते. वाक्यं छोटी, आणि तेच ते शब्द फिरून फिरून भेटायचे. दुसऱ्या महिन्यात काका त्या पडलेल्या दातावर एकटेच हसले. बाईंना काही न बोलता त्यांनी पेपरचे गठ्ठे परत बाहेर आणून ठेवले.

पुढच्या रविवारी नातीने नेहमीसारखंच बोट दाखवलं. या वेळी शब्द सुटे सुटे होऊन कानावर आले. ती बापाला विचारत होती, आजोबा दर वेळी माझ्याकडे असे रागाने का बघतात? मी त्यांचं काही चोरलंय का?

मुलगा घसा खाकरून म्हणाला, "बाबा, विचारतेय, कसे आहात."

पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात काकांचा स्वतःचा चेहरा होता. आवळलेल्या भुवया, बारीक डोळे, तराजूचा काटा बघताना असतात तसे. इतके महिने मुलावर नजर ठेवली, त्या चौकोनाकडे कधी बघितलंच नव्हतं. पोरगा बापाचीच लाज झाकत होता. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी चष्मा काढला. पत्रांच्या पानावरचे शब्द गोळा करत, अडखळत, ते इंग्रजीत थेट नातीशी बोलले. "आजोबा रागावले नाहीत. आजोबांना तुझं बोलणं कळत नव्हतं. तुझा दात पडला का?"

पोरीने डोळे बारीक केले, अगदी काकांसारखे, आणि ती बापाकडे वळली.

"बाबा, आजोबांच्या मागून तूच बोलतोयस ना?"

बाप नुसता नाही म्हणून मान हलवत राहिला. तेव्हा कुठे पोरीने पडद्याजवळ येऊन तोंड उघडून दाखवलं. समोरचे दोन पडले होते.