उजवा स्क्रू

अंगणातल्या फरशीवर खडूनं ‘डावा, पावणेदोन’ असं लिहिलंय. खाली नुसतंच ‘उजवा’. त्यापुढे काही नाही. मी ते अजून पुसलेलं नाही.

वडिलांच्या जुन्या मोटरसायकलला कार्ब्युरेटर दोन. ते गेल्यापासून गाडी बंदच होती. काल शंकरभाऊ मेकॅनिक दोन्ही खोलायला बसले. खोलण्याआधी हवेचा स्क्रू पूर्ण आत फिरवून फेरे मोजायचे, म्हणजे जोडताना तेवढेच बाहेर काढता येतात, ही त्यांची रीत. डावीकडचे लिहून झाले. उजवीकडचा स्क्रू फिरू लागला आणि मी विचारलं, “भाऊ, चहा टाकू का?”

त्यांचा हात थांबला. “मोजणी चुकली, दादा.”

माणूस गेल्यावर आपण त्याचा चष्मा जपतो, सही जपतो. वडील दर रविवारी इंजिनाच्या आवाजाकडे कान देऊन हा स्क्रू केसभर इकडेतिकडे करायचे. त्यांनी शेवटचं जे ठरवलं होतं, ते इतकी वर्षं धुळीत शाबूत होतं. मी ते चहापायी घालवलं.

संध्याकाळी गाडी सुरू झाली. शंकरभाऊ उजवा स्क्रू हळूहळू फिरवत म्हणाले, “आवाज तुम्हीच ओळखा. मी त्यांच्या हातची गाडी ऐकलेली नाही.”

मी डोळे मिटले. वडील फाटकाशी आले की यायचा तो आवाज शोधत राहिलो.

“थांबा,” मी म्हणालो.

“नक्की हाच?”

खात्री नव्हती. तरी मी होकारार्थी मान हलवली.

आता डावीकडे वडिलांनी लावलेला स्क्रू आहे, उजवीकडे माझा अंदाज. गाडी दोन्हींवर चालते.