वजनाआधीचं पाणी

"हात खाली," सर म्हणाले.

मी हात खाली घेतले. रोहनने माझ्या नाकावर ठोसा मारला. मग बरगडीत. मग पुन्हा नाकावर.

"सर, याला लागतच नाही," रोहन हसत म्हणाला.

"कसं लागेल? डोंगरातलं लाकूड आहे ते."

रिंगभोवतीची पोरं हसली. रक्त ओठांवरून तोंडात आलं. मी गिळलं. रिंगमध्ये थुंकलं की पुसायचं मलाच होतं.

नव्वदच्या दशकाची अखेर. नाशकात गंगापूर रोडवरची ती बॉक्सिंगची तालीम रोहनच्या वडिलांची, सर त्यांच्या पगारावरचे प्रशिक्षक. मी सुरगाण्याकडचा आदिवासी, सरकारी वसतिगृहात राहून बी.ए. करणारा. आई-वडील द्राक्षबागांत मजुरीला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. तालमीत मला फी माफ होती, रोहनचे जुने बूट मिळाले होते. बदल्यात त्याला सराव द्यायचा. सराव म्हणजे मार खायचा. माझं नाव कुणी घेत नसे. "ए सुरगाणा" म्हणायचे.

तरी मी कृतज्ञ होतो. मोठ्या माणसांनी आपल्याला आत घेतलं, एवढंच डोक्यात असायचं.

आम्ही दोघंही मिडलवेटचे, पंच्याहत्तर किलोच्या आतले. जिल्हा निवडीत या गटात दोघंच होतो. जिंकेल तो राज्य स्पर्धेला जाणार. मला जायचंच होतं.

माझं वजन सत्याहत्तर भरत होतं. आठवडाभर भाकरी अर्धी केली. आदल्या दिवशी पाण्याचा थेंब घेतला नाही. सकाळी तालमीच्या काट्यावर चौऱ्याहत्तर किलो सातशे. जीभ टाळूला चिकटलेली.

निवडीच्या हॉलबाहेर सर आले. हातात ग्लुकोजच्या पाण्याच्या दोन बाटल्या. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुझं सकाळचं वजन मी लिहून दिलंय, बाळा. पी आता. लढायचंय ना?"

बाळा म्हणाले. माझे डोळे भरले. दोन्ही बाटल्या घटाघटा संपवल्या आणि सरांच्या पाया पडलो.

दहा मिनिटांनी माझं नाव पुकारलं. वजनासाठी.

मी सरांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते. चड्डीवर काट्यावर उभा राहिलो. शहात्तर किलो दोनशे. अर्धा तास शिल्लक होता. अंगात दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारल्या. घशात बोटं घातली. पाणी आलं, पित्त आलं, शेवटी रक्ताची तार आली. पुन्हा काटा. दीडशे ग्रॅम जास्त.

बाद. रोहन न लढता जिंकला.

दुसऱ्या दिवशी तालमीत तो पोरांना सांगत होता, "सर म्हणालेच होते, त्याला बाळा म्हणायचं अन् पाणी दाखवायचं. ढोरासारखा पितो." मग मला हाक मारली, "ए सुरगाणा, चढ. राज्याची तयारी करायचीय."

मी चढलो.

"हात खाली," सर म्हणाले.

मी हात वर घेतले.

"ऐकू येत नाही का रे?"

"येतं, सर. घेणार नाही."

रोहनने डावा मारला. तो मी हातावर झेलला आणि उजवा त्याच्या तोंडावर घातला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो दोरावर गेला. पोटात एक, बरगडीत दोन. तो गुडघ्यांवर आला. मी थांबलो. पाठीत काठी बसली. सरांची. दुसरी बसण्याआधी ती धरली, हिसकावली, मोडून फेकली. त्यांनाही मारावंसं वाटलं. मारलं नाही.

संध्याकाळी सर वसतिगृहावर आले. "रोहनची अन् त्याच्या वडिलांची, शेठची, माफी माग. नाहीतर नाशकात तुला कुणी हातमोजे चढवू देणार नाही."

"माफी नाही मागणार. पुढच्या वर्षी कॉलेजकडून उतरतो. पंच्याहत्तरमध्येच. रोहनला सांगा, तयार राहा म्हणून."

उतरलो. तो आलाच नाही. त्या गटात मी सहा वर्षं लढलो. जिंकलो, हरलो. डाव्या कानाने आता ऐकू येत नाही.

ज्यांनी मला शिकवलं, जेवू घातलं, त्यांचे उपकार मी मरेपर्यंत मानीन. पण उपकार केले म्हणून कुणाला माझ्या अंगावर हात टाकू देणार नाही. माझ्या नाही, आमच्या पाड्यावरून शिकायला येणाऱ्या एकाही पोराच्या नाही. टाकेल त्याला मी उलट मारीन. तो कुणाचाही मुलगा असो.