लाल गाठीची तारीख

सोलापुरातल्या एकाही वकिलाची डायरी ‘तारीख अक्का’च्या हातमागाइतकी बिनचूक नव्हती, आणि हे मी वकील असून कबूल करतो. अक्काला लिहिता-वाचता येत नव्हते. पण भवानी पेठेतल्या कुणाचा खटला कोणत्या दिवशी निघणार, हे तिच्या मागावरच्या सुतात बांधलेले असे. तारीख पडली की ती पलीकडे गुंडाळलेला ताणा, म्हणजे उभे सूत, सोडायची, हाताने मोजायची आणि काठाच्या सुताला लाल दोऱ्याची गाठ मारायची. रोज तीन हात कापड विणायचे हा तिचा नेम. मध्ये आठ दिवस असतील तर चोवीस हातांवर गाठ. संध्याकाळी गाठ हाताशी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्ट. खटला निकाली निघाला की कापडातली गाठ कात्रीने कापून टाकायची.

तिचे खरे नाव पेठेतही फारसे कुणाला ठाऊक नव्हते. तेलुगू विणकराची विधवा. नवऱ्यामागे दोन खोल्या आणि दोन माग तिच्या नावावर राहिले होते. त्यांच्या जोरावर ती गोरगरिबांना जामीन राहायची. त्याबद्दल कुणाकडून सुपारीचे खांडही घ्यायची नाही. मी नवी कोरी सनद घेऊन सोलापूरला आलो, ती एकोणीसशे तीसच्या आधीची वर्षे. माझ्याकडे पक्षकार येत ते फाटकेच, आणि त्यांना जामीन मिळे तो अक्काचा. सुटलेला माणूस आनंदाने घरी पळू लागला की ती त्याचे मनगट धरायची. "कोर्टानं तुला सोडलेलं न्हाय रे. माज्या हातात दिलंय," असे सांगायची आणि मगच मनगट सोडायची.

तारखेच्या सकाळी ती त्याच्या दारात उभी राहायची. त्याला अंघोळ करायला लावायची, धुतलेला सदरा घालायला लावायची आणि स्वतःच्या पुढे चालवत कोर्टात आणायची. कुणी मागे रेंगाळला तर म्हणायची, "पुढं चाल. म्होरं असलास तर मला दिसतोस." कोर्टाच्या दारातला पट्टेवाला तिला पाहिल्यावर तिच्या माणसाचा पुकारा जरा हळूच करायचा. हजर आहे की नाही, ही शंकाच नसे.

यल्लप्पाचा खटला असाच माझ्याकडे आला. तो अक्काच्या दुसऱ्या मागावर बसणारा तरुण विणकर. एका सूतव्यापाऱ्याने त्याच्यावर सुताचे गठ्ठे चोरल्याची फिर्याद केली होती. पोर सरळ होते, पुरावा लंगडा होता, आणि मी आयुष्यातला पहिला खटला जिंकायच्या तयारीने तारखेला कोट झटकून उभा होतो. पट्टेवाल्याने पुकारा केला. यल्लप्पा नाही. दुसरा पुकारा झाला, तिसरा झाला, तरी नाही. अक्काही नाही. मी थोडा वेळ मागितला. मॅजिस्ट्रेटसाहेब कडक होते. त्यांनी मान वरही केली नाही. यल्लप्पाच्या नावाने पकड वॉरंट काढले आणि अक्काला नोटीस: जामीनपत्राप्रमाणे आरोपी हजर केला नाही, तेव्हा तुमचे माग का जप्त करू नयेत याचे कारण चार दिवसांत येऊन सांगा.

मी तरातरा भवानी पेठेत गेलो. रागाने माझे कान तापले होते. यल्लप्पा सूत आणायला गेला होता; अक्का शांतपणे मागावर बसली होती आणि आडवे सूत भरणारा धोटा इकडून तिकडे पळत होता.

"अक्का, आज यल्लप्पाची तारीख होती!"

"आज कुटली? परवा हाय की, वकीलसाहेब," ती म्हणाली आणि ताण्यावर बोट ठेवले. "ही काय गाठ. अजून सहा हात लांब हाय."

मी डायरी उघडून तिच्यापुढे धरली. तिला ती वाचता येत नव्हती, हे रागात माझ्या ध्यानातही आले नाही. पण माझा चेहरा तिला वाचता आला. तिने धोटा खाली ठेवला, बोटांवर दिवस मोजले आणि एकाएकी कपाळावर हात मारला. मधल्या दोन दिवशी ती दुसऱ्या दोघांच्या तारखांना कोर्टात गेली होती. एरवी ती दुपारी परतून तीन हात पुरे करायची; या वेळी दोन्ही दिवस संध्याकाळपर्यंत माग बंद. विणकाम दोन दिवस मागे पडले, तेवढी गाठ अलीकडे घ्यायला हवी होती. ती घ्यायची राहिली. "अय्यो, माग बंद ऱ्हायला म्हून तारीख थोडीच बंद ऱ्हाती!" ती म्हणाली. तिला इतके कोसळलेले मी कधी पाहिले नव्हते, आणि मला माझ्या रागाची लाज वाटली. तारीख लक्षात ठेवणे हे माझेही काम होते. मी ते तिच्यावर सोपवून मोकळा झालो होतो.

संकट तिथेच थांबले नाही. वॉरंट निघाल्याचे पेठेत कळताच कुणीतरी यल्लप्पाला सांगितले की आता फाशीच. पोर घाबरून अक्कलकोटकडे बहिणीच्या गावी पळाले. मी अक्काला स्पष्ट सांगितले: पोलिसांनी धरून आणला तर खटला संपेपर्यंत तो तुरुंगात बसेल, तुझे माग जातील आणि तुझा जामीन हे कोर्ट पुन्हा घेणार नाही. आपल्या पायांनी आला तर काही आशा आहे. मागांचे ऐकून ती तुटलेले सूत जोडत राहिली. जामीन घेणार नाहीत म्हटल्यावर मात्र उठली आणि पदर खोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती गेली. बहिणीच्या शेतात कडब्याच्या गंजीमागे यल्लप्पा लपला होता. तिने त्याला काय सांगितले ते त्यानेच मला पुढे कितीदा तरी सांगितले. "चूक माजी हाय, तुजी न्हाय. पर आता पळालास की चोरी तुजी झाली. म्होरं उभा ऱ्हा, मग चोरी त्यांनी दावायची." असे म्हणून तिने त्याचे मनगट धरले, ते सोलापूर येईपर्यंत सोडले नाही. टांग्यात आणि गाडीतही नाही.

नोटिशीच्या दिवशी कोर्टाबाहेर मी तिला एक सोपी वाट सुचवली. "ताप आला होता म्हणून सांग. मी अर्ज लिहूनच आणलाय."

"मला ताप कुटं आला हुता?" तिने विचारले. मी अर्ज खिशात घातला. आजही ती घडी आठवली की मी ओशाळतो.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कारण विचारले तेव्हा तिने काखेतले कापड मोकळे केले. मागावरून नुकतेच उतरवलेले हिरवे लुगडे, काठाला लाल गाठी. "ही यल्लप्पाची पैली तारीख, साहेब. ही दुसरी. मधी किती दिस हुते ते तुमच्या कागदात बगा, आन् हात मोजा." साहेबांना गंमत वाटली असावी. त्यांनी पट्टेवाल्याला मोजायला सांगितले. तो उंच, लांब हाताचा. अक्काने त्याला भर कोर्टात अडवले, "तुजा हात नगं. माजा हात लाव." मग तिने स्वतः मोजले आणि कारकुनाने तारखा वाचल्या. हात आणि दिवस तंतोतंत जुळले.

"मग या वेळी दोन दिवस कुठे गेले?" साहेबांनी विचारले.

"दोन दिस माग बंद हुता. मी कुटं हुते ते तुमच्याच कागदात हाय की. मी हितंच हुते, साहेब."

कारकुनाने पाने उलटली. दोन्ही दिवशी, दोन वेगळ्या खटल्यांत, जामीनदार हजर म्हणून तिचा अंगठा उठलेला होता. कोर्टाची तारीख चुकली ती कोर्टातच बसून चुकली होती. साहेब आधी हसले, मग गंभीर झाले. त्यांनी वॉरंट रद्द केले, जप्तीची नोटीस काढून टाकली आणि यल्लप्पाला पुन्हा त्याच जामिनावर सोडले. "पण बाई, पुन्हा चूक झाली तर गाठी दाखवून भागणार नाही," असे बजावले. मला नाचावेसे वाटत होते. कोटाने अडवले, एवढेच.

पुढे महिन्याभरात यल्लप्पा निर्दोष सुटला. व्यापाऱ्याचा साक्षीदार माझ्या तिसऱ्या प्रश्नाला गडबडला आणि मी पेठेत दोन हार घालून घेतले. खरे तर ते दोन्ही हार अक्काचे होते. तिने मात्र कात्री काढून लुगड्यातल्या गाठी कापल्या आणि यल्लप्पाला कामाला बसवले. त्या दिवसापासून माग ज्या दिवशी थांबे, त्या दिवशी ती गाठ तीन हात अलीकडे घ्यायची आणि यल्लप्पाला दाखवून म्हणायची, "माग बंद हाय, तारीख बंद न्हाय."

काही वर्षांनी अक्का थोड्याशा आजारात गेली. आम्ही तिला पोहोचवून आलो तेव्हा मी मागापाशी उभा राहिलो. अर्धे विणलेले लुगडे, आणि पुढे ताण्यावर एक लाल गाठ. कुणाची ते कुणाला माहीत नव्हते. माझ्या डायरीत तरी नव्हती. यल्लप्पाचा तोवर स्वतःचा माग झाला होता. सुतकात अक्काचा माग बंद राहिला, पण तो रोज यायचा, गाठ सोडायचा आणि तीन हात अलीकडे बांधून जायचा.

गाठ हाताशी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे कोर्टात जाऊन बसलो. अकराच्या सुमारास कासीम रंगाऱ्याचा पुकारा झाला. मागच्या बाकावरून एक काटकुळा माणूस उठून पिंजऱ्यात उभा राहिला. धुतलेला सदरा, ओले केस. "हाजिर है साब," तो म्हणाला. "अक्का बोली थी, मैं नै आयी तो भी तू जाना."

जामीनदार मयत झाल्याचे कारकुनाने सांगितले. साहेब आता दुसरे होते. ते म्हणाले, नवा जामीन द्या, नाहीतर आरोपीला तुरुंगात पाठवावे लागेल. कासीमने खाली मान घातली. त्याला कुणीच नव्हते.

माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. यल्लप्पा पुढे जाऊन पिंजऱ्यापाशी उभा राहिला होता.

"मी हाय, साहेब," तो म्हणाला, आणि त्याने कासीमचे मनगट धरले.