वाऱ्याने लागलेली कडी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही: माझ्या वडिलांना मी एकदा माल ठेवायच्या खोलीत कोंडलं होतं. बाहेरून कडी लावून. भर दुपारी, तापलेल्या पत्र्याखाली.

आमची चिकूची वाडी बोर्डीजवळ. अण्णांनी ती आयुष्यभर राखली. चिकू तोडायला आलाय का, हे नुसत्या रंगावरून कळत नाही. झाडावरच्या एखाद्या फळाची साल अण्णा नखाने जराशी खरवडून बघत. आत हिरवं दिसलं तर म्हणत, "राहू दे, अजून आईकडे आहे." पिवळसर दिसलं की तोडायचं. म्हातारपणी त्यांची आठवण विरत गेली तेव्हा या रीतीतलं झाड गळून पडलं, नख तेवढं उरलं. तोडून, धुऊन, पेट्यांत भरलेल्या मालापाशी ते बसत आणि एकेक फळ खरवडत.

त्या दिवशी टेम्पो दारात उभा होता. टेम्पोवाल्याने पेटीतला वरचा थर बघितला आणि हसला. "दादा, वाडीत मांजरं पाळलीत काय? हा ओरखडलेला माल कोण घेणार?"

मी पेट्या पुन्हा निवडायला घेतल्या. अण्णा पुन्हा येऊन बसले. उठवलं, परत आले. मग मी त्यांना दंडाला धरून खोलीत नेलं आणि कडी लावली. ते दार वाजवत राहिले. "अरे, माल बघायचाय रे!" मी निवडत राहिलो. दार वाजायचं थांबलं तेव्हा, खरं सांगतो, मला बरं वाटलं.

टेम्पो गेल्यावर खोलीकडे वळलो. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. ती मागच्या खिडकीशी उपड्या पेटीवर उभी होती. झाडाखाली पडलेले चिकू फ्रॉकमध्ये गोळा करून आणले होते, आणि गजांमधून एकेक आत देत होती.

"आजोबा, हा?"

"हिरवा. राहू दे."

"आणि हा? नीट बघा ना."

"हा चालेल! वा गं माझी बाय!"

कडी काढली तेव्हा अण्णा घामाने निथळत होते, पण चेहरा खुशीत होता. मला त्यांनी ओळखलं नाही. "शेठ, माल चांगला आहे," म्हणाले. "ही पोर पण कामाची आहे."

बायको तलासरीच्या शाळेत शिकवते. संध्याकाळी घरी येताच तिने विचारलं, "अण्णांचा सदरा एवढा कसा भिजला?"

"खोलीत अडकले होते. वाऱ्याने कडी लागली."

वाऱ्याने बाहेरची कडी लागत नाही. पण मी खोटं बोलत नाही अशी तिची समजूत आहे, म्हणून तिने मानलं. मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती खेळायला गेली.

काही दिवसांनी लोणच्याची बरणी फुटली. "कशी फुटली गं?" तिच्या आईने विचारलं. "वाऱ्याने," मुलगी म्हणाली. माझ्यासारखीच, मान वर न करता.

"खोटं बोलायला कुठे शिकलीस?"

मी भात कालवत राहिलो. ओरडा तिने एकटीने खाल्ला.

तेव्हाही बोललो नाही. एवढंच केलं, की रोज सकाळी पडलेल्या चिकूंची एक पेटी अण्णांपुढे ठेवायला लागलो. ते खरवडत, मुलगी शेजारी बसून पसंत-नापसंत वेगळे करी. हळूहळू मीही बसू लागलो. अण्णा कधी एखादं मऊ फळ माझ्या हातावर ठेवत. "घ्या, पिकलाय." कोण आहे हे माहीत नसतानाही द्यायचे. ते दिवस मला मिळाले ते त्या खिडकीमुळे. नाहीतर शेवटपर्यंत मी कडीच लावत राहिलो असतो. त्या दोघांचे उपकार कुठे ठेवू, मला कळत नाही.

अण्णा गेले. मुलगी आता नववीत आहे. परवा शाळेतल्या भाषणाचा विषय घेऊन आली: माणूस जन्मतः चांगला असतो की घडवावा लागतो?

"पप्पा, तुम्हाला काय वाटतं?"

"विचार करून सांगतो," म्हटलं. तेच करतोय. खिडकीशी जा, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे ते उपजतच, असं म्हणावंसं वाटतं. पण चालता येण्याआधीपासून ती अण्णांच्या खांद्यावर बसून वाडीभर फिरली होती, प्रत्येक झाडाशी थांबून. त्या खांद्यावर ती काय काय शिकली, कुणी सांगावं? दया तिच्यात कुठून आली हे मी छातीठोक सांगू शकत नाही. वारा मात्र माझ्याकडून आला, याची खात्री आहे. आणि तो शिकवायला मला एक वाक्य पुरलं.

म्हणून तिच्या भाषणाला मुद्दे काढून देण्याआधी, तिच्या आईसमोर, तिला एक सांगायचं राहिलंय: त्या दिवशी वारा नव्हता. कडी मी लावली होती. आणि बरणीच्या वेळचा ओरडा माझ्या वाट्याचा होता.